आदेरितोचा रोजचा रस्ता

आदेरितो गेला तेव्हा समाचाराला येणारा जो तो एर्मेलिंदाला एकच गोष्ट सांगायचा. कोइंब्रा दाखवावं तर तुमच्या नवऱ्यानंच. ती मान हलवायची, कॉफी पुढं करायची. तिनं कोइंब्रा पाहिलंच नव्हतं हे ती कुणाला सांगणार? त्यांच्या पोर्तोहून जेमतेम दीड तासाचा रस्ता. पण लहानपणी फातिमाच्या यात्रेला जाताना बसच्या काचेतून एक नदी आणि टेकडीवरची पांढरी घरं दिसली होती, तेवढंच तिचं कोइंब्रा.

आणि नवरा पंधरा वर्षं तिथंच जात होता. शहर बसची नोकरी संपल्यावर त्यानं एका छोट्या सहल कंपनीत काम धरलं. आठ प्रवाशांची गाडी. चालवायची त्यानंच, बोलायचंही त्यानंच. सकाळी आवेइरोचे कालवे, दुपारी कोइंब्राचं विद्यापीठ, दिवस मावळायच्या आत परत. सुरुवातीला एर्मेलिंदानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं, "मलाही ने की एकदा. एखादी जागा रिकामी असतेच ना?"

"रोजचा रस्ता आहे गं तो," तो बूट काढता काढता म्हणायचा. "त्यात बघण्यासारखं काय ठेवलंय?"

मग तिनं विचारणं सोडलं. शिवणाचं मशीन आणि घर यांतच तिचा दिवस जायचा. जानेवारीत एका सकाळी आदेरितो जिना उतरताना मधल्याच पायरीवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

ऑक्टोबरात तिची भाची लिलियाना म्हणाली, "मावशी, तू एकदा जाऊन ये. काका काय बघायचे ते बघून तरी ये." तिनंच फोनवरून जागा राखली. एर्मेलिंदानं माहेरचं आडनाव लावायला सांगितलं. आदेरितोची बायको म्हणून गाडीत बसायचं, आणि मग दिवसभर लोकांचे पडलेले चेहरे बघायचे, हे तिला नको होतं.

गाडीत ती धरून सहा जणं होती. ब्राझीलहून आलेलं एक वयस्क जोडपं, स्पेनमधल्या गॅलिसियाच्या दोघी बहिणी, आणि मदैरा बेटावरचा एक अबोल गृहस्थ. गाडी चालवणारा तोमे अठ्ठावीस-तीस वर्षांचा, दाढी राखलेला, आवाज मोकळा. आदेरितोच्या जागी आलेला तो हाच. अंत्यविधीला तो आलेला नव्हता, त्या दिवशी गाडी त्यालाच न्यावी लागली होती. त्यामुळे त्यानं एर्मेलिंदाला ओळखायचं काही कारण नव्हतं.

"हा रस्ता मला आदेरितो नावाच्या माणसानं शिकवला," पूल ओलांडल्यावर तोमेनं सुरुवात केली. "दीड महिना त्याच्या शेजारी बसून शिकलो. तो म्हणायचा, आवेइरो खालून बघावं, पाण्यातून, आणि कोइंब्रा वरून. उलटं केलंत तर दोन्ही फुकट. आता तो नाही. पण मी जे सांगेन त्यातलं निम्मं त्याचंच आहे, चुकलं तर तेवढं माझं."

एर्मेलिंदा खिडकीकडे तोंड करून बसली. घरी जो माणूस जेवताना चार वाक्यं बोलत नव्हता, त्याची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी ऐकताना तिला अभिमान वाटत होता.

आवेइरोत कालव्याकाठी तोमेनं सगळ्यांना मिठाईच्या दुकानात नेलं. अंड्याचा बलक साखरेच्या पाकात घोटून पातळ पांढऱ्या पापुद्र्यात भरायचा, वर शिंपल्याचा नाहीतर माशाचा आकार द्यायचा, अशी तिथली मिठाई. दुकानाची मालकीण गल्ल्यामागून ओरडली, "काय रे तोमे, आमच्या डॉक्टरीणबाई कशा आहेत?"

"कोण डॉक्टरीणबाई?"

"आदेरितोची मुलगी, आणि कोण! दर खेपेला एक डबी न्यायचा तिच्यासाठी. आता बाप गेल्यावर बिचारीला कोण नेऊन देतं? तू तरी नेत जा. मेल्या, तेवढंसुद्धा सुचत नाही होय तुला?"

"अहो, मी तिला कधी पाहिलंच नाही," तोमे ओशाळून म्हणाला. "मी शिकत होतो तेव्हाही डबी घेऊन तो एकटाच जायचा. म्हणायचा, पाच मिनिटांत आलो."

एर्मेलिंदाच्या तोंडात मिठाईचा घास होता. तो टाळूला चिकटला. तिनं परक्या बाईच्या आवाजात विचारलं, "त्यांना मुलगी आहे? कोइंब्रात?"

"आहे तर!" मालकीण म्हणाली. "लहान मुलांची डॉक्टर आहे. तिथंच शिकली, तिथंच राहिली. बाप बोलायला लागला की थांबायचा नाही."

पुढचा पाऊण तास कालव्यात नावेतून फिरायचं होतं. लांबट, उंच चोचीच्या, रंगीत चित्रं काढलेल्या नावा. एके काळी त्यांतून खाडीतलं शेवाळ शेतांना जायचं, आता माणसं जातात. नावाडी पुलाखालून जाताना ओरडला, "डोकी सांभाळा! सासूबाई बरोबर असतील तर त्यांना सांगितलं नाही तरी चालेल!" सगळे हसले. एर्मेलिंदा पाण्याकडे बघत हिशेब करत होती.

आदेरितो आणि तिची एक मुलगी होती. सेलिना. सहा वर्षांची होऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते, मार्चमध्ये ताप आला, आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. याला आता सत्तावीस वर्षं झाली. त्यानंतर दुसरं मूल झालं नाही. आणि आज ही बाई म्हणते, लहान मुलांची डॉक्टर. म्हणजे तीस-बत्तिशीची तरी असणार. म्हणजे सेलिना असतानाच. किंवा सेलिना गेली त्याच्या पुढेमागे. आपण भिंतीकडे तोंड करून पडलो होतो तेव्हा हा माणूस कुठल्या बाईच्या घरी पाळणा हलवत होता? मला कोइंब्राला न्यायला टाळाटाळ का करायचा, ते आता कळलं. रोजचा रस्ता! तर काय, रोजचाच.

तिनं कोट गळ्यापर्यंत ओढून घेतला. ब्राझीलच्या बाईंनी, त्यांचं नाव इवोने, आपली शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली. "पाण्यावर थंडी वाजतेच हो बाई. घ्या, लाजू नका."

कोइंब्राच्या वाटेवर गाडीत कुणी डुलक्या घेत होतं, कुणी फोटो बघत होतं. एर्मेलिंदा जागी होती. वाटेतच उतरावं, आगगाडी धरून परत जावं, असं तिच्या मनात दोनदा आलं. पण मग वाटलं, नाही. बघूनच जाऊ. कोण आहे ती, कुठल्या घरात राहते, कुणासारखी दिसते.

विद्यापीठाचं फरसबंद पटांगण टेकडीच्या माथ्यावर आहे. तिन्ही बाजूंना जुन्या इमारती, चौथ्या बाजूला कठडा, आणि खाली नदी. इथल्या विद्यार्थ्यांचे काळे झगे घातलेली पोरंपोरी हसत-खिदळत चालली होती. तोमेनं सगळ्यांना मनोऱ्यासमोर उभं केलं.

"वरची ती घंटा बघा. विद्यार्थी तिला शेळी म्हणतात. ती वाजली की तासाला पळायचं. आमच्या आदेरितोची मुलगी इथं वैद्यकी शिकली. पहिल्या दिवशी ती इतकी घाबरली की घंटा वाजताच दोन्ही कान झाकून या पायऱ्यांवरच बसून राहिली. बाप गाडीतली माणसं घेऊन आला तर पोरगी इथंच! तिला सवयच होती म्हणे, घाबरली की कान झाकायची, आणि विचारात पडली की डाव्या कानाची पाळी ओढत बसायची. परीक्षेच्या दिवसांत कान लालभडक. आदेरितो म्हणायचा, माझ्या सेलिनाचा अभ्यास झालाय की नाही ते मी तिचा कान बघून ओळखतो."

एर्मेलिंदानं कठड्याचा आधार घेतला.

डाव्या कानाची पाळी. झोप येईपर्यंत ओढत राहायची. बाजूच्या चर्चची घंटा वाजली की दोन्ही कान झाकून टेबलाखाली जायची.

दुसरी बाई नव्हती. दुसरी मुलगीही नव्हती.

"बरं वाटत नाही का?" तोमे जवळ आला. "पुढं ग्रंथालय आहे. आपली वेळ ठरलेली आहे, पण…"

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझा गुडघा दुखतोय. मी इथंच बसते."

सगळी आत गेली. ती पायरीवर बसली. रडू आलं नाही. आला तो संताप. घरात सत्तावीस वर्षांत या माणसानं त्या पोरीचं नाव काढलं नव्हतं. तिचा वाढदिवस यायचा, जायचा, हा बातम्या लावून बसायचा. एर्मेलिंदाला वाटायचं, विसरला. पुरुषांचं बरं असतं, विसरतात. आणि इथं येऊन त्यानं तिला मोठी केली होती. कॉलेजात घातली होती, परीक्षांना बसवली होती. वाटेवरच्या दुकानदारांना ती ठाऊक, नवख्या पोराला ती ठाऊक, जगभरच्या परक्या माणसांना ती ठाऊक, आणि जिनं पोटात वाढवली तिलाच पत्ता नाही. एकट्यानं वाढवलीस, ती मनात म्हणाली. एकट्यानं. लाज नाही वाटली?

आणि मग, पटांगणाकडे बघता बघता, तिला तिसरी ताटली आठवली.

सेलिनाला पुरून आल्यावर तीन-चार आठवडे झाले असतील. आदेरितोनं जेवायला ताटं मांडली, सवयीनं तीन. आणि म्हणाला, "सेलिनाला फरसबीचं सूप आवडायचं नाही, आज असती तर…" तेवढ्यावर एर्मेलिंदानं हातातला डाव भिंतीवर भिरकावला होता. "या घरात पुन्हा तिचं नाव घेशील तर मी निघून जाईन!" ती किंचाळली होती. "पुन्हा घेऊ नकोस! कधीच घेऊ नकोस!" त्यानं तिसरी ताटली उचलून कपाटात ठेवली. डाव धुतला. भिंत पुसली. आणि त्यानंतर खरंच कधी घेतलं नाही.

हे ती विसरली होती. अगदी साफ विसरली होती.

जेवण खालच्या गल्लीतल्या एका खाणावळीत होतं, सहा टेबलांची जागा. मालकीण ओतीलिया सत्तरीची, आडव्या हाडाची, कंबरेला पंचा खोचलेला. तिनं वाइनमध्ये शिजवलेल्या बकऱ्याच्या मटणाचं मातीचं भांडं टेबलावर आदळलं आणि तोमेला म्हणाली, "दाढी कर रे, पाद्री वाटतोस." एर्मेलिंदानं दोन घास खाल्ले. मग ती उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अहो बाई, बाथरूम तिकडे," ओतीलिया म्हणाली.

"मी आदेरितोची बायको."

ओतीलियाच्या हातातला चमचा भांड्यातच राहिला. तिनं एर्मेलिंदाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, गॅस बंद केला आणि पायानं एक स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. कळलं का तुम्हाला?"

"आत्ताच, वर विद्यापीठात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तो कधी बोलला नाही. पण मी काय आंधळी आहे? पंधरा वर्षं हा माणूस माझ्याकडे जेवतो. मुलगी याच गावात शिकते, याच गावात डॉक्टर होते, आणि एकदाही बापाबरोबर सूप प्यायला येत नाही? एके दिवशी मी त्याच्या मागनं गेले. मिठाईची डबी घेऊन तो विद्यापीठाच्या पायऱ्यांपर्यंत गेला, एक पोरगी बसली होती तिथं, काळा झगा, मांडीवर पुस्तक. तिच्या हातात डबी दिली, काहीतरी बोलला आणि फिरला. पुन्हा दोनदा मागनं गेले, दर वेळी वेगळी पोरगी. तेव्हा समजले. किती वर्षांची होती?"

"सहा."

"हं," ओतीलिया म्हणाली. तिनं पंच्यानं हात पुसले, पुसतच राहिली. "मी कधी बोलून दाखवलं नाही. उलट विचारत गेले. काय म्हणतेय पोरगी? पास झाली का? तो सांगायचा."

"काय सांगायचा?"

"कशाला आता ते…"

"सांगा," एर्मेलिंदा म्हणाली. "मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

आणि ओतीलियानं सांगितलं. कुणी प्रवाशानं पटांगणात सहज विचारलं होतं, तुम्हाला मुलंबाळं किती, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं होतं, एक मुलगी आहे, यंदाच इथं आलीय शिकायला. त्या वर्षी ती अठराचीच झाली असती. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झाली. दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी विसेऊ गावचा एक मुलगा तिच्या मागं लागला, आदेरितोला तो मुळीच पसंत नव्हता.

"मी म्हटलं, अरे, लग्न करून टाक. तर असा खवळला माझ्यावर! म्हणाला, गिटार वाजवतो तो, परीक्षा देत नाही. पुढच्या वर्षी म्हणाला, सोडलं तिनं त्याला. सुटलो."

एर्मेलिंदा हसली. हसू कुठून आलं तिलाच कळलं नाही, आणि त्यापाठोपाठ डोळे वाहायला लागले. ओतीलियानं कंबरेचा पंचाच काढून तिच्या हातात दिला.

बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं. "घ्या की हातानं, पाण्याचा जग तिथंच आहे!" ओतीलिया आतूनच ओरडली.

एर्मेलिंदानं तोंड पुसलं. एक प्रश्न तिच्या ओठावर येऊन अडत होता. शेवटी तिनं विचारला.

"त्यात आई होती का? की आईविनाच वाढवली त्यानं?"

"होती की!" ओतीलिया म्हणाली. "आई नसून कसं चालेल? दर रविवारी आगगाडीनं यायची तिच्याकडे, सूप घेऊन. पोरीचे झगे आईच शिवून द्यायची, दुकानातला कधी घातला नाही तिनं. म्हणायचा, त्या दोघी एकत्र बसल्या की मला विचारत नाहीत. मी बाहेरच बरा."

एर्मेलिंदानं पंच्याची घडी घातली. स्वयंपाकघरात बकऱ्याच्या रश्शाचा वास होता आणि नळ ठिबकत होता. आपण त्याला घरात बोलू दिलं नाही. आणि त्यानं आपल्याला दर रविवारी इथं आणलं होतं.

"मला नेलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे," ती म्हणाली. "डाव फेकला असता कदाचित."

"फेकला असतात तर माझ्याकडे दुसरा आहे," ओतीलिया म्हणाली, आणि तिनं एर्मेलिंदाच्या पाठीवर आपला जड हात ठेवला.

जेवणानंतर चाळीस मिनिटं मोकळी होती. बाकीची माणसं नदीकडे गेली. तोमे गाडीची काच पुसत होता. एर्मेलिंदा त्याच्यापाशी गेली आणि आपण कोण ते सांगितलं. मग सेलिनाचंही सांगितलं. थोडक्यातच. सहा वर्षं, मार्च, ताप.

तोमेच्या हातातलं फडकं खाली पडलं. "एर्मेलिंदाबाई, मी… आज तुमच्यासमोर मी ते सगळं…"

"तुला काय ठाऊक? तू चांगलं सांगितलंस. अगदी तसंच ओढायची ती कान."

"मला माफ करा. मी नऊ महिने सांगतोय. लोक हसतात तिथं, त्यांना आवडतं ते." त्याचा चेहरा उतरला होता. "उद्या काय सांगू? तुम्ही म्हणाल तसं करतो. म्हणाल तर तसंच चालू ठेवतो."

एर्मेलिंदानं विचार केला. चालू ठेव म्हणणं सोपं होतं. मनोऱ्यासमोर रोज आठ माणसं, आणि त्यांच्यापुढं डॉक्टर झालेली सेलिना. पुढं तिचं लग्न झालं असतं, मुलं झाली असती. पण आता ते सांगणारा बाप उरला नव्हता. हे पोरगं पाठ केलेलं म्हणत होतं. आदेरितो पाठ केलेलं म्हणत नसे, तो तिची वाट बघत असे.

"नको," ती म्हणाली. "आता पुरे. ती त्याची होती, त्याच्याबरोबर जाऊ दे. तू घंटेचं सांग, शेळीचं सांग. आणि कुणी आदेरितोबद्दल विचारलंच, तर सांग की त्याला एक मुलगी होती. सेलिना नाव. लहानपणीच गेली. एवढं सांगितलंस तर चालेल."

"लोकांचा मूड जाईल," तोमे नकळत बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"जाऊ दे थोडा," एर्मेलिंदा म्हणाली. "नदी बघून परत येईल."

परतीच्या वाटेवर इवोनेबाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. तोमे फारसा बोलला नाही. डाव्या हाताला ऊन उतरत होतं, उसाच्या चिपाडासारखी वाळलेली मक्याची ताटं शेतांत उभी होती. आदेरितोनं पंधरा वर्षं रोज याच वेळी ही शेतं पाहिली असणार, मागं माणसं पेंगत असताना. डबी देऊन झालेली, आणि आता घरी जायचं, जिथं नाव घ्यायचं नाही. त्याला काय वाटत असेल, हे तिनं पहिल्यांदाच मनाशी धरून पाहिलं. राग पुरता गेला नव्हता. तो असणारच होता. पण आता तो एकट्या आदेरितोवर नव्हता.

घरी पोचून तिनं दिवा लावला, कोट काढला, तोच लिलियानाचा फोन आला.

"मग मावशी, कसं झालं? आवडलं का?"

"लिलियाना," एर्मेलिंदा खुर्चीवर टेकत म्हणाली, "तुला सेलिना आठवते का गं?"

लिलियाना तेव्हा नऊ वर्षांची होती. तिलाही घरात कुणीतरी बजावून ठेवलं असणार, मावशीपुढं तो विषय काढायचा नाही.

"आठवते," लिलियाना हळूच म्हणाली.

"काय आठवतं?"

"सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"चिमटे काढायची मला. दुष्टपणानं, कुणी बघत नसताना. दंडावर, इथं. आणि मग आपणच आधी भोकाड पसरायची, म्हणजे मार मला बसायचा."

"हो?" एर्मेलिंदा म्हणाली. तिला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणखी काय करायची?"